दीड तासाचं ग्रहण

४ जानेवारी
आमचे गाईड व्यंकटराव सर यांनी आज फर्मान काढलं — डेटातली कापाकापी बंद. उपग्रहाला तारा दिसत नाही तेवढा वेळ डेटातून काढून टाकायचा असतो. सगळं जग टाकतं. सर म्हणाले, "आलेखात खिंडारं दिसतात, सुलेखा. बरं दिसत नाही." ठेवलं बाई सगळं. पीएचडीचं पाचवं वर्ष, वाद कोण घालणार!

११ जानेवारी
चमत्कार झाला. कृष्णविवर आणि त्याचा जोडीदार तारा एकमेकांभोवती फिरतात. विवर ताऱ्याचा वायू ओढतं, तो तापतो, त्यातून क्ष-किरण निघतात. तर ते किरण दर दीड तासानं गायब! सर खुर्चीतून उठलेच. "तारा आडवा येतोय. जोडीची फेरी दीड तासाची."
लगेच पेपर. पहिलं नाव अर्थातच सरांचं, दुसरं माझं. पेपर छापल्याशिवाय प्रबंध जमा होत नाही, म्हणून दुसरंही गोड.

१९ जानेवारी
पेपर जर्नलकडे गेला. त्याच्या आधी बातमी गेली. पुंडलिकनगरात सरांच्या गल्लीत सत्काराचा फ्लेक्स — मागं कृष्णविवर, पुढं सर, आणि दोघांपेक्षा मोठे नगरसेवक.
देवगाव रंगारीहून आईचा फोन. "तू बघितलं व्हय गं ते?"
"नाय आई, ते दिसतच नाय."
"मंग सत्कार कशाचा?"

२ फेब्रुवारी
डबा खाता खाता एकदम सुचलं. आमचा उपग्रह पृथ्वीभोवती किती वेळात फिरतो? दीड तासात! दर फेरीत पृथ्वी मधे येते. तारा कसला आडवा येतोय — आडवे आपणच. गुलमंडीचा बाजार, पुंडलिकनगर, फ्लेक्ससकट. कापायचा वेळ तो हाच.

३ फेब्रुवारी
सरांना दाखवलं. त्यांनी आलेख बाजूला सरकवला. मग म्हणाले, "परवा सत्कार आहे." आणि जाता जाता, "जर्नलच्या परीक्षकाला कळलं तर बघू."
राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. प्रबंध माझा आहे.

५ फेब्रुवारी
शाल, श्रीफळ, सरांचं "माझं निरीक्षण". टाळ्या मीही वाजवल्या.

२० मार्च
जर्नलच्या परीक्षकाला कळलं. एका ओळीत विचारलंय — उपग्रहाची फेरी तपासली का? सर शांत होते. "तू काळजी करू नकोस. उत्तर मी पाठवतो." पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी चहा मागवला. माणूस अगदीच वाईट नाही म्हणायचा.

२२ मार्च
जर्नलची ईमेल. सरांच्या विनंतीवरून लेखकांची यादी बदललीय. पहिलं नाव माझं. दुसरं नाहीच.