शेखर समजूत काढायला येईल

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आज सकाळी अंघोळ केली, देवीपुढे दिवा लावला, मूर्तीवर फूल ठेवून कौल मागितला. फूल उजवीकडे पडलं. पंखा चालू होता, पण पंखाही तिच्याच इच्छेने फिरतो. मग लॅपटॉप उघडला आणि कंपनीच्या पोर्टलवर राजीनामा टाकला.

कारण एवढंच. बुधवारी ऑफिसात दसऱ्याची पूजा झाली. सर्व्हरला झेंडूची माळ. दरवर्षी नारळ मी फोडतो, वयाने मोठा म्हणून. यंदा मॅनेजर शेखरने तो स्वराजच्या हातात दिला. स्वराज जूनमध्ये लागलेला. तीनदा आपटला तरी फुटेना. मी काही बोललो नाही.

नोटीस दोन महिन्यांची, पण तेवढी वेळ येणार नाही. शेखर समजूत काढायला येईल. आधी नाही म्हणायचं. पुन्हा आला की विचार करतो म्हणायचं. मग राहायचं.

६ ऑक्टोबर
शेखर आला नाही. पोर्टलची मेल आली: राजीनामा मंजूर. रागावला आहे. रागावतो तो आपलाच माणूस.

घरी सरिताला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, अहो, लग्नात मामा रुसून मांडवाबाहेर बसतो, तसं केलंत होय? मामाच्या मागे निदान कोणीतरी पळतं. मी म्हटलं, पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वाभिमान असतो. ती म्हणाली, पन्नाशीला आलेल्या माणसाला नोकरी कोण देणार, ते पण विचारायचं होतं फुलाला.

१० ऑक्टोबर
लिफ्टमध्ये शेखर. काय गोरक्षदादा, बरं ना सगळं? आवाजात ओलावा होता. सुरुवात झाली म्हणायची. मी मुद्दाम तुटक म्हणालो, चाललंय. तो म्हणाला, मस्त. आणि उतरला.

२७ ऑक्टोबर
पुण्याच्या एचआरची मेल. माझं काम समजावून द्यायचं, तेही स्वराजला. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचं सॉफ्टवेअर मी इतकी वर्षं सांभाळतोय. कुठली ओळ कुठे का आहे, ते फक्त मलाच ठाऊक. पोराला वर्ष लागेल. तेव्हा शेखरला कळेल. हळूहळू शिकवायचं ठरवलं.

३० ऑक्टोबर
स्वराजचं शिकून झालं. एआयकडून सगळा कोड समजून घेतला म्हणे. काका, अजून काही असेल तर सांगा, नाहीतर मी पुढे जातो. पोरगा हुशार आहे. शिकवणारा चांगला मिळाला.

१२ नोव्हेंबर
गंगापूर रोडला एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. शेखरच्या कानावर जावं, एवढाच हेतू. समोर दोघं, दोघांच्या वयाची बेरीज जेमतेम माझ्याएवढी. तेजस्विनी नावाची मुलगी सारखी सर, सर करत होती. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, सर? म्हटलं, देवी ठेवील तिथे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. छाप पडली असावी. मग बोर्डवर प्रोग्रॅम लिहायला लावला. गावच्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेलं अक्षर, वळणदार आलं. प्रोग्रॅम अर्धा राहिला.

तिथली नोकरी का सोडताय, असंही विचारलं. नारळाचं सांगावं असं वाटलं. नाही सांगितलं.

१७ नोव्हेंबर
त्यांची मेल आली. माझी माहिती जपून ठेवणार आहेत. सरिता म्हणाली, बोहारणीला द्यायचे कपडे मी पण जपूनच ठेवते.

रात्री हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना.

२४ नोव्हेंबर
शेखर स्वतः माझ्या जागेपर्यंत आला. मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणाला, दादा, चार्जर आहे का? विषय काढायला अवघडला असणार. चार्जर दिला. थांबेल असं वाटलं. थांबला नाही.

फार थकायला झालंय. काम काहीच नाही, तरी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
शेवटी मीच गेलो. केबिनचं दार लोटलं आणि उभ्या उभ्या म्हणालो, शेखर, मला जायचं नाही.

तो म्हणाला, कुठे?

मी राजीनामा म्हणालो. त्याने स्क्रीनवर शोधलं, बराच वेळ. मग चष्मा काढला. दादा, तुम्ही राजीनामा दिलात? अहो, रजा, बिलं, जे काय साचलेलं असतं ते मी सोमवारी एकदम मंजूर करून टाकतो. त्यात गेला बघा. मला वाटलं, स्वराजला तुम्ही आपणहून तयार करताय. कौतुक वाटलं होतं मला तुमचं. तोंडाने सांगायचं ना, दादा.

त्याने एचआरला फोन लावला. दोनदा प्लीज म्हणाला. जागा भरली गेली होती, स्वराजच्या नावावर. उरलं ते सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, स्वराजच्या टीममध्ये.

शेखर म्हणाला, घाई नाही, वहिनींना विचारा, सोमवारी सांगा.

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. पेन मागितलं आणि तिथेच सही केली.