खुबानीला सांग

कुन्नूर

प्रिय आई,

तुला आणि बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो, परेशान होऊ नकोस. फोनवर तू आवाजावरून ओळखशील, म्हणून लिहिते आहे. गाडीने त्रास दिला नाही. थंडी छान आहे, तुझी शाल कामाला आली. आमची खुबानी घाटात एकदाच ओकली, मग वाटभर खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली. कुत्र्यांना काय, वारा लागला की झालं.

दोघं बाहेर जा, बोलणं सुरू होईल, असं तू म्हणाली होतीस. बोलणं झालं की. ‘खुबानी, त्याला विचार, चहाला थांबायचं का?’ ‘खुबानी, तिला सांग, पुढे थांबू.’ बरकतपुऱ्याच्या घरी तू मला मध्ये घालून बाबांशी बोलायचीस, अगदी तसंच. तेव्हा मला त्याची मजा वाटायची.

इथे लॉजवाले कुत्र्याला खोलीत येऊ देत नाहीत. ती खाली वॉचमनपाशी झोपते, खुशीत आहे. काल संध्याकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो. बऱ्याच वेळाने मी ‘शिरीष’ अशी हाक मारली. त्याने वळून दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का?

आणि एक विचारायचं होतं. लग्न होऊन मी त्या घरातून निघाले, तेव्हापासून तू बाबांशी कुणामार्फत बोलतेस?

तुझीच,
योगिनी