मांडवात जोलीनची जागा

मी, लिडा किंगफिशर, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार केनवूड, ओक्लाहोमा, लांब केसांच्या कुळातली चेरोकी बाई, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. दडपण आणू शकणारी माणसं माझ्याआधीच गेली. शाळा चार इयत्ता झाली आहे, तेव्हा चुका काढणाऱ्याने आपली पेन्सिल खिशात ठेवावी. गेल्या वर्षी रागाच्या भरात लिहिलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातल्या शिव्या मात्र कायम.

१. घर आणि मागची जमीन माझा मुलगा अमोस याला. छप्पर गळतं. ते त्यानेच ठोकलं होतं, म्हणून ते त्यालाच.

२. कोंबडा पाद्रीबुवांना. आमच्या नाचाला ते पाप म्हणतात. हा उजाडायच्या आधीच आरवतो, प्रार्थनेला उठायला बरा.

३. कनूचीच्या गोड सारासाठी हिकरीच्या झाडाची टणक फळं कुटायचं लाकडी उखळ, मुसळासकट, आणि नाचात पोटऱ्यांना बांधायचे कासवाच्या कवचांचे खुळखुळे अमोसची मुलगी जोलीन हिला. माझी मावसबहीण ओली सॅपसकर चाळीस वर्षं त्या उखळावर डोळा ठेवून आहे. येते, बसते, त्याच्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "तडकलंय गं." तडकलेलं नाही.

४. आता खरी गोष्ट. कूळ मृत्युपत्रात देता येत नाही. आमच्यात ते आईकडून येतं. जोलीनची आई गोरी, ओहायोची. म्हणून नाचाच्या मैदानात पोरीला कुळाच्या मांडवात जागा नाही. लहानपणापासून गाडीच्या टपावर बसून बघते. कुळात घ्यायचं तर थोरल्या बायांचा होकार लागतो. थोरल्या दोघीच उरलो, मी आणि ओली. माझा होकार आहे. ओली म्हणते, "मुलाची मुलगी ती मुलाची मुलगी. आपलं कूळ पहिल्यापासून चोख आहे, लिडे."

पहिल्यापासून म्हणजे कमामापासून. ती आमच्या दोघींच्या पणजीची आई. तिच्या चोख रक्ताचा डंका मीही साठ वर्षं पिटला, हे इथे कबूल करते.

जोलीनने दोन हिवाळे जुन्या कागदांत डोकं घालून कमामाचा माग काढला. मार्चमध्ये वही घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"आजी, रागावणार नाहीस ना?"

"आधी वाच. राग नंतर ठरवू."

चेरोकींना पूर्वेकडचा मुलूख सोडायला लावला तेव्हा मागे राहिलेल्या सामानाची यादी म्हाताऱ्या कमामाने पुढे सरकारी भरपाईसाठी लिहवून घेतली होती. त्यात दोन घोडे, चूल आणि एक उखळ. उखळापाशी तिने सांगितलं होतं: मी जन्माने चेरोकी नव्हे, शॉनी जमातीची. ओहायोच्या नदीकाठची. आईबाप गेले, मला इकडे आणलं. लांब केसांच्या कुळातल्या एका बाईची लेक वारली होती. तिने मला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ही माझी मुलगी. हे उखळ तिनेच मला दिलं.

मी इतकी हसले की चुलीवरची मक्याची पेज उतू गेली. ही बयाही ओहायोचीच!

तशीच उठून ओलीकडे गेले. ती टाळ्या पिटायला लागली. "म्हणजे तू शॉनी निघालीस, लिडे!"

"मी एकटी कशी? तुझी आई माझ्या आईची सख्खी बहीण ना?"

ओलीने टाळ्या सोडून मला न मागता कॉफी ओतली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

वसंतात आम्ही तिघी व्हाइट ओकला शॉनी लोकांच्या बायका विरुद्ध पुरुष चेंडूच्या खेळाला गेलो. पुरुषांनी चेंडू पायानेच मारायचा, बायकांनी हातात घेऊन पळायचं. नुसतं बघायला आलेय म्हणणाऱ्या ओलीने चेंडू पोटाशी धरला आणि दोन बाप्यांना कोपर मारून थेट खांबांमधून गेली. वय चौऱ्याहत्तर. जोलीन ओरडून ओरडून घसा बसवून आली. परतताना ओली म्हणाली, "शॉनी असणं काही वाईट नाही." होकार मात्र अजून दिला नाही.

म्हणून लिहिते: जोलीन माझी मुलगी. ज्या मांडीवरून ओलीचं आणि माझं कूळ आलं, तशीच मांडी मी पोरीला देते. अमोसने विचारलं, "म्हणजे माझी मुलगी माझी बहीण? मग तिला रागवायचं कोणी?" म्हटलं, "मी. तुला कधी जमलं होतं?" जोलीन, आता लांब केसांच्या कुळातला नवरा बघायचा नाही. तसेही त्यांच्यात बघण्यासारखे दोनच आहेत.

५. मला पुरताना रडारड नको. त्या दिवशी कनूची करावी, साखर हात सैल सोडून घालावी.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही म्हणतात. म्हणून ओलीला मुद्दाम साक्षीदार केलं आहे. उखळाचा वाद मिटला. सही केली म्हणजे वरचं सगळं मान्य, चौथं कलमसुद्धा. नसेल मान्य तर कागद कोरा सोडावा. मी अजून मेलेली नाही, पुन्हा विचारीन.

केनवूड, १४ जून १९७८

लिडा किंगफिशर (सही)

साक्षीदार:

१. अमोस किंगफिशर यांचे शेजारी, वॉल्टर प्रॉक्टर (सही)

२. ओली सॅपसकर (सही). वाचून सही केली. उखळ तडकलेलंच आहे. शनिवारी नाच आहे, पोरीला खुळखुळे बांधून वेळेवर पाठव. माझ्या शेजारची जागा पुसून ठेवते.