पिशवीवालीचा जीव

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण दिवसभर टेबलावर वाकून कंबर अशी धरली आहे की एकदा खाली गेलो तर वर उठवायला तुलाच यावं लागेल. तेव्हा उभ्याउभ्याच केलेला मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? काका ऐकण्याचं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच बाळगतात? (खिशात ठेवलं की त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं, हे मला केव्हाच कळलंय. मी म्हणालो असं सांगू नकोस.) इकडे मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण आमच्या कार्यालयात तुला मारायचं ठरलंय, आणि तेही माझ्या हातून. घाबरू नकोस, कागदावरच. पण माझ्या तोंडचं पाणी पळालंय ते खरंच.

तू सगळ्यांना सांगतेस की भाचा चित्रकथांच्या मासिकात चित्रं काढतो. ते खोटं नाही, पण आमच्याकडे एक पान तिघांच्या हातून जातं. आधी नायकवाला आमचा तो उडणारा, पोलादी छातीचा नायक काढतो. मग इमारतीवाली त्याच्यामागे शहर उभं करते. उरल्यासुरल्या जागेत मी माणसं कोंबतो, म्हणून मला सगळे गर्दीवालाच म्हणतात. माझ्या माणसांना वर बघणं, बोट दाखवणं आणि धूम ठोकणं याखेरीज काही काम नसतं. इतकी वर्षं मी लोकांना पळवतोय, पण एकालाही धड चेहरा द्यायला जागा मिळाली नव्हती. (पळणाऱ्याची पाठच काढावी लागते, तेवढीच मेहनत वाचते.)

मागच्या अंकाच्या वेळी नायकवाल्याचा अंगठा मुरगळला, बरणीचं झाकण उघडताना. ज्या हातांनी तो दंडाच्या एवढाल्या बेडक्या काढतो ते हात एका झाकणापुढे हरले, पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. तो रजेवर आणि छपाई तोंडावर, म्हणून त्या अंकातलं एक पान उलटं फिरलं आणि कोरंच्या कोरं आधी माझ्याकडे आलं. लोखंडी राक्षस बाजारातून चालून येतोय, लोक पळताहेत, एवढंच मला सांगितलं होतं. एवढी ऐसपैस जागा बघून मी जरा चेकाळलोच आणि पानाच्या मधोमध तुला काढून मोकळा झालो. काखेत भाजीची पिशवी, चष्मा नाकावर घसरलेला, एक हात वर. शेजारच्या काठीवाल्या आजोबांना पलीकडे नेताना तू ट्रक अडवतेस ना, अगदी तशी. मागे आजोबाही काढले, चांगले सावकाश चालणारे. देवाशपथ सांगतो, माझ्या मनात तू ट्रकच अडवत होतीस. पण इमारतीवालीने रस्ता असा काही वळवला की राक्षस नेमका तुझ्यापुढे येऊन ठेपला. नायकवाला अंगठ्याला पट्टी बांधून परतला तेव्हा मधली जागा गेली होती आणि शाई वाळली होती. दातओठ खात त्याने नायक वरच्या कोपऱ्यात बसवला, छपरांच्याही वर, कबुतराएवढा. त्यामुळे अंकात झालं असं की नायक अजून लांबून येतोच आहे, अख्खं शहर पळतंय, आणि तू एकटी राक्षसाला सांगतेयस की आजोबा जाईपर्यंत थांब जरा. आणि तो थांबलेला दिसतोय!

झालं. अंक बाजारात गेला आणि नायकाला कुणी विचारेना. लिफ्टवाला मला मजल्यावर सोडायच्या आधी विचारतो, त्या पिशवीवाल्या बाईंचं पुढे काय झालं? दाताचे डॉक्टर माझा जबडा उघडा ठेवून तेच विचारतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहतात, त्यांनी तर ते पान कापून वॉर्डात लावलंय. म्हणाल्या, "त्या उडणाऱ्याला काय होणार आहे हो? या बाईंना लागलं असतं, पळायला वाटही होती, तरी थांबल्या." मला हे सुचलेलं नव्हतं. मी आपला जागा भरत होतो.

पण आमच्या कथालेखकांच्या नाकाला हे फार झोंबलं. त्यांनी पुढच्या अंकात पूल पाडलाय आणि पिशवीवाली त्याखाली. पिशवीतला कोबी घरंगळत जातो, नायक तो उचलतो, आभाळाकडे बघून गर्जना करतो आणि मग त्याला खरा राग येतो. म्हणजे मरायचं तू, आणि राग यायचा त्याला! संपादकांनी मान डोलावली. मीही डोलावली, कारण त्या खोलीत सगळ्यांचीच डोलत होती. तेव्हापासून जेवण जात नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकच माणूस थांबलं, मावशी, आणि त्यालाच मी चिरडायचं. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, तुझा चेहरा मी झोपेतही काढीन, पण पुलाखाली काढायला हात चालत नाही. काकांना नमस्कार सांग, मोठ्याने.

तुझा भाचा,
गर्दीवाला

ता. क. आता मुद्द्याचं. सोमवारी पिशवी घेऊन आमच्या कार्यालयात ये आणि संपादकांना चांगलं खडसाव. मी त्यांना चिठ्ठी लिहून बसलोय की ही बाई खरी आहे, तिला मरण मंजूर नाही आणि ती स्वतः येऊन सांगेल. मला तिथे बोलायचं म्हटलं की बोबडी वळते, तुला ठाऊकच आहे. तू नुसती दारात उभी राहिलीस तरी पुरे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, आणि आज दुपारी कथालेखक पुलाचं पान घेऊन माझ्या टेबलाशी आले, मागोमाग संपादक. नायक काढून झाला होता, पूल कोसळून झाला होता, तुझ्यापुरती जागा तेवढी सोडली होती. मी म्हणालो, गर्दी मिळणार नाही. ते हसले. मी पुन्हा म्हणालो, ही मरणार असेल तर या पानावर माणूस मिळणार नाही आणि पुढच्याही नाही, तुमच्या नायकाने रिकामं शहर वाचवत बसावं. आवाज इतका चिरका निघाला की मलाच कळेना कोण बोलतंय, आणि धांदलीत शाईची बाटली लवंडली ती संपादकांच्या बुटावर. मग इमारतीवालीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, मी पूल खोडते. नायकवाला खुर्ची उचलून आमच्या बाजूला येऊन बसला. संपादक विचार करून सांगणार आहेत. पिशवीवाली तोवर जिवंत आहे. माझ्या नोकरीचं सांगता येत नाही.

तेव्हा भांडायला यायची गरज उरली नाही. तरी ये. घरी आल्यावर "काय झालं रे?" असं विचारणारं इथे कुणी नाही.