रेणू बोलत नाहीत

११ फेब्रुवारी, मंगळवार

त्रिशलाने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं! विज्ञान दिनाला आमच्या महिला मंडळाने पलीकडच्या शाळेत काहीतरी करून दाखवायचं. विषय — झाडाच्या पेशींमध्ये रेणू कसे हलतात.

"तुम्ही जन्मभर बॉटनी शिकवलीय, तुम्हीच बसवा. थोडं नाचून दाखवू की!"

रेणू नाचत नाहीत, म्हटलं. मग काय करतात? सांगितलं — एका जागी थांबत नाहीत, सतत इकडून तिकडे, एकमेकांवर आपटत, दिशा ना धोरण. तर त्रिशला, म्हणजे आमच्या अध्यक्षीणबाई म्हणतात, "म्हणजे नाचतातच की."

मंडळाच्या अध्यक्षपदाला काही पात्रता लागत नाही, हे एक बरं आहे.

हो म्हणून बसले. मग कळलं, आक्का पण आहे.

१२ फेब्रुवारी

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर कोडोलीचं, घर दोन गल्ल्या सोडून. पुतण्याच्या लग्नात माझा पांढरा रस्सा चाखून भर पंगतीत म्हणाली, "ह्यो रस्सा कॉन्व्हेंटात शिकलाय. तोंडातनं शब्द काढंना!" माणसं ठसका लागेपर्यंत हसली. तेही मी गिळलं असतं. पण पुढे मंडईत समोरासमोर आलो — थेट माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मेथीची पेंडी घेऊन चालती झाली! मान हलवणं नाही, काही नाही. रंकाळ्यावर फिरताना पुन्हा तेच. तेव्हा ठरवलं, ती आधी बोलेल तर मी बोलेन. दोन वर्षं होत आली.

वाट बघतेय असं नाही.

बघतेय. इथे खोटं कशाला लिहू?

१५ फेब्रुवारी

पहिली तालीम. विसरण शिकवलं: रेणू गर्दीकडून मोकळ्या जागेकडे पसरतात. सगळ्यांना एका कोपऱ्यात उभं केलं, म्हटलं, आता पसरा. तेवढ्यात त्रिशलाने दुसऱ्या कोपऱ्यात भडंगाचा डबा उघडला. अख्खं मंडळ तिकडे! निसर्गनियमाच्या बरोब्बर उलट! आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने असल्या वर्गाला बाकावर उभं केलं असतं. इथे गुडघे बघता तेही शक्य नाही.

१८ फेब्रुवारी

मंडळातल्या क्रांतीला पेशीच्या पडद्यावरचा पंप केलंय. साखर आपणहून आत येत नाही तिथे तिने ती ओढून घ्यायची. म्हटलं, या कामाला ऊर्जा खर्च होते. तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग च्या सांगा. बिनच्याचा पंप चालणार न्हाय!" चहा सांगितला. पंप चालला. नंतर सगळेच रेणू ऊर्जा मागायला लागले.

आणि पेशीतला द्रव आतल्या आत गोल फिरतो, हे दाखवायला झिम्मा घालावा लागला. झिम्माच! मी हरले. पण दिसतं मात्र अगदी तसंच. त्रिशलाला हे सांगितलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

आज भिंती. हिरव्या साड्या नेसून रांगेत उभं राहायचं, पदर ताणून धरायचा — ती पेशीची भिंत. पदरांमध्ये फट ठेवायची. झाडात अशा फटी खरोखर असतात. शेजारच्या दोन पेशी त्यातूनच देवाणघेवाण करतात. पानात तयार झालेली साखर अशी हातोहात मुळापर्यंत जाते. साखर म्हणजे बत्तासा.

आक्का तिसरी पेशी. मी तिचं नाव घेत नाही. "तिसऱ्या पेशीने पदर वर धरावा!" असं सगळ्यांना मिळून सांगते.

"कोन बोलतंय? सेनापती व्हय?" आक्का म्हणाली. माझ्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून!

शेजारी चौथी पेशी म्हणजे पुन्हा क्रांतीच — माणसं कमी. तिला मात्र बत्तासा देताना, "घे गं माझी बाय!" मी कडक नियम केला: रेणू बोलत नाहीत. मुलांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही.

२७ फेब्रुवारी

क्रांतीचा पाय मुरगळला! पंपाचं काम त्रिशला करेल, पण चौथ्या पेशीला कुणी नाही. उद्या मलाच उभं राहावं लागणार. आक्काच्या शेजारी!

त्रिशलाला बजावलं, आक्काला सांगू नका, सांगितलं तर येणारच नाही. समोर दिसेन तेव्हा दिसेन.

२८ फेब्रुवारी

कुठे तोंड लपवू!

झिम्मा झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंप झाला. बत्तासा पहिल्या पेशीतून दुसऱ्या, तिथून आक्काकडे. मी फटीतून हात पुढे केला. आक्काने माझा हात धरला, चाचपला, मनगटापर्यंत गेली. आणि सगळ्या शाळेसमोर मोठ्याने —

"ह्यो हात क्रांतीचा न्हाय! कुणाचा गं?"

कुणाचा! वर्षानुवर्षं एका परातीत पापडाचं पीठ मळलं, त्या हाताला विचारते कुणाचा! फुटाच्या अंतरावर उभी होते मी, चष्मा लावून! दातओठ खाऊन गप्प राहिले. नियम माझाच.

"नाव सांग. वळकीबिगर साखर द्यायची न्हाय मी."

पोरं लोळायची बाकी राहिली. बत्तासा आक्काच्या मुठीत. तेवढ्यात त्रिशला ओरडली, "बघा मुलांनो, फट बंद झाली!" पंपाने बोलायचं नसतं. पण पेशीला इजा झाली की त्या फटी खरंच बंद होतात, हे तिला कुठून माहीत? मी कधीतरी सांगितलं असेल. म्हणजे एक तरी ऐकत होती.

मुळापर्यंत साखर पोचलीच नाही. घरी येऊन दार लावून घेतलं. आता बोलणं कायमचं बंद. आक्का आपणहून आली तरी!

१ मार्च

सकाळी आक्काची सून प्रियदर्शनी आली. उंबऱ्यातच रडवेली.

"काकी, आत्तींनी शपथ घातलीय, पण सांगते. दोन वर्षं झाली, त्यांना माणसाचा चेहरा दिसत नाही. बघतील तिथे मधोमध काळा डाग. आवाजावरून ओळखतात सगळ्यांना. काल रात्री जेवल्या नाहीत. म्हणाल्या, बाजारात सगळी हाक मारत्यात, टीचर तेवढी मारत न्हाय. एवढा कसला राग गं तिचा?"

पायात काय घातलं, कुणास ठाऊक. त्यांच्या फाटकातूनच ओरडले, "आक्का! मी आलेय, मी!"

"व्हय की! वराडतीस कशाला? डोळं गेल्यात माझं, कान न्हाईत."