तारखेची जागा

प्रिय वसुधाताई,

तुम्ही गेल्याला महिना झाला. नागपूरहून तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हाच लिहायला हवं होतं, पण हात चालला नाही. आज लिहितेय, कारण आज सकाळी मी एका मुलीशी खोटं बोलले, आणि बोलून झाल्यावर लक्षात आलं की ते वाक्य माझं नाही. तुमचं आहे.

मुलीचं नाव रुही शेख. एप्रिलमध्ये सातवी ब ला गणित शिकवायला आली. वडील अकोल्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीतले. ती मात्र जन्मापासून इथली, दिल्लीचीच, त्यामुळे तिच्या मराठीत दर चार शब्दांमागे एक 'यार' असतो. नव्या शिक्षकांचं पहिलं वर्ष सांभाळायचं तुमचं काम दोघीतिघींकडून फिरत माझ्या गळ्यात पडलं, ते अजून तिथेच आहे. ही माझी अकरावी.

तिला मी तुमचंच सगळं शिकवलं. वर्गात शिरलं की आधी फळा पुसायचा. कोरा असला तरी, सावकाश. तेवढ्यात पोरं आपापल्या जागी बसतात. आता फळ्याच्या जागी टचस्क्रीन आहे, ताई! ती बिचारी पुसायला गेली आणि पडद्यावर कसलंसं गाणं सुरू झालं. सातवी ब ने बाकं बडवून साथ दिली. मी शेवटच्या बाकावर बसले होते, तुमच्यासारखीच, मध्ये न पडता. ते न पडणं किती अवघड असतं हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

तुमचा तो रिवाजही मी चालू ठेवला. पहिल्याच आठवड्यात नव्या शिक्षकाकडून राजीनामा लिहून घ्यायचा, तारखेची जागा मोकळी ठेवून, आणि पाकीट आपल्याजवळ ठेवायचं. "वाटेल त्या दिवशी मागून घे, तारीख घाल आणि प्रिन्सिपलना नेऊन दे. मी एक शब्द विचारणार नाही." सुटायची सोय आहे म्हटल्यावर माणूस जरा टेकतो, असं तुम्ही म्हणायचात. खरंच होतं ते. नऊ जणांनी मार्चमध्ये आपापली पाकिटं हसत परत नेली. एकीने ऑगस्टमध्येच मागितलं, मी दिलं. ती आता गुरुग्रामला एका कंपनीत आहे आणि दिवाळीला न चुकता मेसेज करते.

आज रुहीने मागितलं. हवेच्या प्रदूषणामुळे आठवडाभर वर्ग ऑनलाइन होते, आजच शाळा उघडली. जिन्याशी मला गाठून म्हणाली, "मॅम, माझा लिफाफा द्या ना. घरून शिकवत होते तेव्हा बिल्कुल ठीक होते. आज गेट दिसलं आणि तिथूनच परत फिरावंसं वाटलं. मला नाही जमत यार, सच में."

"अगं, ते घरी राहिलंय. उद्या आणते," मी म्हणाले.

पाकीट माझ्या पर्समध्ये होतं, आणि पर्स माझ्या खांद्याला.

का केलं मी असं? ह्यांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, ते पुण्याला आहेत, मलाही तिकडेच जायचंय. मी इथे, दिल्लीला लागून असलेल्या वैशाली वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, दोन खोल्या बंद करून तिसरीत राहते. प्रिन्सिपल म्हणतात, "रुही जम जाए, फिर आपको बिल्कुल नहीं रोकेंगे." गेल्या वर्षी रुहीच्या जागी दुसरं नाव होतं. ही गेली की मी पुन्हा अडकले. म्हणजे स्वतःची मान सोडवायला मी त्या पोरीची अडकवली.

जिना चढताना मधेच थांबले. एकोणीस वर्षांपूर्वी असाच नोव्हेंबर होता आणि पाकीट मागणारी मी होते. तुम्ही स्वेटरची बटणं लावत म्हणालात, "अगं, ते घरी राहिलंय. उद्या आणते." तो उद्या काही उजाडला नाही. मग पेपर तपासणी आली, मग स्नेहसंमेलन, मग पोरंच आवडायला लागली. मार्चमध्ये शाळेने तुम्हाला मोकळं केलं आणि तुम्ही नागपूरला तुमच्या यजमानांकडे गेलात. तुमच्या निरोपाला सगळ्यांत जास्त मी रडले होते.

ताई, ते तेव्हा पर्समध्येच होतं का? माझ्या भल्यासाठी थांबवलंत मला, की तुमच्या जागी कुणीतरी जमायला हवं होतं म्हणून? मला राग आलाय. आणि ही एकोणीस वर्षं फुकट गेली असंही म्हणवत नाही, त्यामुळे धड रागावताही येत नाही. तुम्ही असतात तर फोन करून भांडले असते.

माझं पाकीट तुमच्याकडेच राहिलं. तुमच्या मुलाने विचारलं होतं, "आईची आठवण म्हणून काही पाठवू का?" मी नको म्हटलं. कपाटात कुठेतरी माझा राजीनामा असेल तो शोध, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

उद्या सकाळी प्रार्थनेच्या आधी रुहीचं पाकीट तिच्या हातात देईन. ते पर्समध्येच होतं, हेही सांगेन. तारीख घालायची की नाही, ते तिचं तिने बघावं; थांब म्हणणार नाही आणि जा असंही म्हणणार नाही. मग तिच्याशेजारीच बसून माझा राजीनामा नव्याने लिहीन. तो सांभाळायला आता तुम्ही नाही, म्हणून तारीख मीच घालीन.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच,
मेधा