आमटीतलं मीठ

माझ्या आमटीची वाटी तुम्ही हातानं बाजूला सारलीत आणि शेजारीण दारात उभी असताना म्हणालात, "लय खारट. चाळिशीला आली तरी मीठ टाकायची अक्कल नाय." चौदा वर्षं झाली, मी ते विसरलेले नाही. नाना, तुम्ही वारलात म्हणून ते बोलणं मिटलं असं समजू नका. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. आता विहारातल्या प्रौढांच्या वर्गाला दोन वर्षं बसून शिकले. अक्षर वाकडं आहे, पण तुमच्या अंगठ्यापेक्षा बरं.

दुष्काळाच्या साली तुम्ही चांदवडकडचं घर बंद करून आईला घेऊन माझ्याकडे नाशिकला आलात. रेशनची लाल मिलो, ती परदेशी ज्वारी होती, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या. मी उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसायचे. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. फाटक्या, वाकड्या निघायच्या त्या बाजूला. त्यांना आम्ही छाट म्हणतो, आणि माझी सगळी छाट तुमच्या खिशात जायची. लोक बापाला मिठाई, चिवडा, काय काय आणून देतात, मी बापाला छाट दिली. लेकीच्या हातची म्हणून तुम्ही ती मिरवत ओढायचात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि बिडी सोडा म्हणाला. तुम्ही घरी येऊन काडेपेटी माझ्या सुपात टाकलीत. "हे ठेव. आपलं संपलं." जन्मात एकदा शब्द पाळलात तो तेव्हा.

आणि सोडल्यावर तुमचा खोकला वाढला. ओढत होतात तेव्हा नव्हता इतका. खाटेच्या कडेला हात रोवून तुम्ही खोकताय, मानेच्या शिरा वर आल्यात, खाली राख घातलेला डबा, त्यात काळसर बेडके. आई पाठ चोळतेय. मी विचारते, "नाना, बरं वाटतंय का वाईट, खरं सांगा." तुम्ही मान न वळवता म्हणता, "तुझ्या आईला विचार." अडचणीचं काही विचारलं की तुमचं हेच. माझं लग्न ठरवताना हेच, शाळेतून काढताना हेच. आई म्हणाली, "बाई, बिडीनं कफ सुटायचा. आता आतच साचलाय." आमच्या गल्लीत सगळ्या बिडीवाल्या, सगळ्यांचं तेच मत. सुपापुढे बसून आमच्याइतकं बिडीचं कुणाला कळणार, असा तोरा होता आमचा.

तीन आठवडे असे गेले आणि मग ती आमटी. शेजारीण हसली. मला झोंबलं. त्याच दुपारी तुम्हाला ढास लागली, थांबेना, डोळ्यांतून पाणी. मी सुपातलं चांगलं पान घेतलं, छाट नाही. तंबाखू कमी भरली, म्हणजे बाधणार नाही. वळली, स्वतःच्या तोंडात धरून पेटवली आणि तुमच्या ओठांत दिली. तुम्ही नको म्हणालात. एकदा म्हणालात. मी म्हटलं, "घ्या हो नाना, औषध समजून घ्या." चार झुरक्यांत खोकला बसला. तुम्ही भिंतीला टेकलात, डोळे मिटलेत. आई म्हणाली, "बघ, सुटली का नाय छाती." दुसऱ्या दिवशी दोन दिल्या. आमटीबद्दल पुन्हा बोलला नाहीत, जे वाढलं ते गपचूप खाल्लंत. दिवाळीच्या आत गेलात.

हे आज उकरायचं कारण तुमचा नातू. सातपूरला कंपनीत फिटर आहे. वय अडतीस, दम साठीचा. जिना चढताना मधे थांबतो आणि चप्पल नीट करायचं सोंग करतो. महिन्यापूर्वी मोठ्या दवाखान्यात फोटो काढला छातीचा. तिथली डॉक्टरीण म्हणजे पोरगीच, वेणी घातलेली. म्हणाली, बिडी बंद, नाहीतर वर्ष दोन वर्षांत खाटेवरून उठणार नाही. त्यानं सोडली. मी माझं सूप उचलून शेजारणीच्या ओट्यावर नेलं, लुगड्याला तंबाखूचा वास येतो म्हणून घरात शिरताना लुगडं बदलते. आणि नाना, त्याचा खोकला वाढला. तोच खोकला. तीच पाठ. मी स्वयंपाकघरात कानात बोटं घालून उभी राहते, माझ्यासारखी बाई.

काल तो म्हणाला, "आई, एक दे. छाटसुद्धा चालेल."

मी म्हटलं, "तोंड फोडीन."

"नानांना दिली होतीस ना? मी बघितलंय. त्यांना बरं वाटलं होतं. मी काय परका आहे?"

सून भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी उठून शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसले. मी, नाना. बिड्या मोजून घेणाऱ्या मुकादमाला भर गर्दीत गप्प करणारी मी.

आज सकाळी मी एकटी त्या डॉक्टरणीकडे गेले. म्हटलं, बाई, तुमच्या सांगण्यानं पोरगं मरायला लागलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आजी, श्वासाच्या नळीच्या आत बारीक लव असते, घाण वर लोटायला. धुरानं ती गुंगते. धूर बंद झाला की जागी होते आणि साचलेलं बाहेर काढते. काही आठवडे खोकला वाढतो बऱ्याच जणांचा. रक्त दिसलं तर लगेच आणा, नाहीतर धीर धरा." मी विचारलं, मग बिडी ओढली की थांबतो कसा? म्हणाली, "ती लव परत झोपते म्हणून." मी विचारलं, छाती पहिल्यासारखी होते का? ती खोटं बोलली नाही. म्हणाली, जेवढं झिजलं ते येत नाही, पण उरलेलं वाचतं. दम थोडा सुधारतो, हातपाय गरम राहतात, अन्नाची चव परत येते. बिडी ओढणाऱ्याची जीभ मेलेली असते, आजी, त्याला सगळं अळणी लागतं.

मी उठले आणि परत बसले. आमच्या घरात मी मूठ सैल सोडून मीठ टाकते. आधी नवरा बिडीवाला, मग तुम्ही, मग पोरगा. तुम्ही सगळे अळणी अळणी म्हणत राहिलात आणि माझा हात वाढत गेला. ती आमटी रोजचीच होती. मीठ रोजचंच होतं. जीभ तुमची जागी झाली होती. आणि मी तिला त्याच दुपारी झोपवलं.

तुम्हाला दया आली म्हणून बिडी दिली असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं. दया होती. पण पेटवताना मनात हेही होतं, की आता बसा गप्प, काढा माझ्या स्वयंपाकाच्या खोड्या. हे आईलाही कधी कळलं नाही.

आणि अजून एक. तशीच एक बिडी, चांगल्या पानाची, कमी तंबाखूची, काल वळून मी पदराच्या गाठीत बांधलीय. दवाखान्यातून आले तरी सोडली नाही. आत्ता तो खोकतोय, आणि प्रत्येक ढाशीला माझा हात गाठीकडे जातो. दुपारी जेवताना मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. त्यानं आमटी खाल्ली आणि काहीच बोलला नाही. एक शब्द बोलला असता तर मी गाठ सोडून ती बिडी चुलीत घातली असती. अजून एक आठवडा धीर धरायचा का, किती धरायचा, मला कळत नाही. हा कागद तंबाखूच्या रिकाम्या डब्यात ठेवणार आहे, तुमचा पत्ता कुणाकडे आहे.

एवढंच सांगा. त्या दुपारी मी तुमचं ऐकलं असतं तर तुम्ही वाचत होता का? डॉक्टरणीला मी तुमचं विचारलं नाही, ती नको सांगायला. आईही तिकडेच आहे, पण या वेळी तिला पुढे करायचं नाही. तुम्ही स्वतः सांगायचं.